मराठी बालकविता आणि आपण बृहन्महाराष्ट्रीय

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम मंडळाचा इतिहास लिहिण्याची तयारी दर्शविली. परंतु ते काम आमच्या कोषाध्यक्षांनी आधीच पुरे केले होते, आणि तेही इतक्या काटेकोरपणे की पहिल्या गणेशोत्सवातील शामियान्याचे भाडेसुद्धा त्यातून निसटलेले नाही. मग आमच्या वाट्याला उरले काय, तर गेल्या चौदा-पंधरा वर्षांत बालमेळाव्याच्या निमित्ताने आमच्या हातून झालेला एक उद्योग, मुलांसाठी पद्ये रचण्याचा. आम्ही कवी नव्हे. साताऱ्यास मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि जबलपूर, पाटणा, गुवाहाटी असे फिरत फिरत २००९ साली या शहरी आलो. मधली तीन वर्षे सोडता येथेच आहोत. टिपणी व मसुदा यांपलीकडे लेखणीचा संबंध नसलेल्या माणसाने बालकवितेवर लिहावे हे धाडसच होय. तरीपण या उद्योगात पडल्यावर आपल्याआधी ही वाट कोणी कोणी तुडविली आहे याचा शोध घ्यावासा वाटला. त्या शोधात जे हाती आले त्यातला बराचसा भाग आपणा बाहेरगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी निगडित निघाला. म्हणून हा प्रपंच.

आरंभ आमच्या फजितीपासून केलेला बरा. २०११ च्या गणेशोत्सवात बालमेळाव्यासाठी आम्ही मातृभाषेचे एक स्तवन रचले. वृत्त शार्दूलविक्रीडित, चरणात एकोणीस अक्षरे, आणि समास असे की शिकवणाऱ्या वहिनींनाच दोनदा दम घ्यावा लागे. ज्या मुलीकडे ते सोपविले होते ती सात वर्षांची. व्यासपीठावर येऊन तिने पहिला चरण म्हटला, दुसऱ्याच्या मध्यावर थांबली, समोर बसलेल्या आम्हांकडे पाहिले आणि ध्वनिक्षेपकातून सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात विचारले, "काका, याचा अर्थ काय?" सभागृहात हशा पिकला. मुलगी मात्र हसली नाही. तिला खरोखरीच अर्थ हवा होता. घरी परतताना आमच्या लक्षात आले की तिला देण्याजोगा अर्थ त्या स्तवनात फारसा नव्हताच. होता तो आमच्या वृत्तज्ञानाचा डामडौल.

त्यानंतर आम्ही वाचू लागलो. आणि वाचता वाचता पहिलाच सुखद धक्का बसला तो असा, की मराठी मुलांच्या छापील वाङ्मयाचा उगम पुण्यात वा मुंबईत सापडत नाही. तो सापडतो तंजावरास. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८०६ साली, इसापाच्या गोष्टींचे सख्खन पंडितांनी केलेले मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापले गेले. मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभ सामान्यतः याच पुस्तकापासून धरतात. त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला, बंगालमधील श्रीरामपूर येथे, विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) छापले गेले आणि नागपूरचे वैजनाथशास्त्री त्यांना मराठीच्या कामी साह्य करीत होते. म्हणजे मराठी मुद्रणाची पहिली पावले कावेरीच्या आणि हुगळीच्या काठी पडली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीसाठी काही करणे ही गौण गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. असो.

परंतु ही सारी गद्याची हकिगत झाली. मुलांची कविता छापखान्याच्या कितीतरी आधीची. पाळण्याजवळची अंगाई, मांडीवरच्या बाळाला डोलवीत म्हटलेली बडबड, खेळात राज्य कोणावर हे ठरवताना मोजलेले निरर्थक शब्द, भोंडल्यातली लांबतच जाणारी गाणी, या सर्वांना कर्ता नाही आणि कोणी तो शोधतही नाही. छापील बालकविता जेव्हा आली तेव्हा तिने या घरगुती गाण्यांकडे पाठ फिरविली, हे नमूद केले पाहिजे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले आणि ते १९१४ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. दर अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय अशी त्याची मांडणी असे. तेहेतीस वर्षे एकहाती असे व्रत चालविणे ही तपश्चर्याच. परंतु त्या काळच्या कवितेचा सूर शिकवणुकीचा. लवकर उठावे, खरे बोलावे, वडिलांचा मान राखावा. मूल हे घडवायचे मडके आहे आणि कविता ही थापी आहे, अशी काहीशी समजूत त्यामागे दिसते. आमचे शार्दूलविक्रीडित त्याच घराण्यातले होते, हे कबूल करायला आता हरकत नाही.

पालट झाला तो शतकाच्या अखेरीस. दत्तात्रय कोंडो घाटे, म्हणजेच कवी 'दत्त', १८९९ साली अवघ्या चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेले. त्यांची कविता त्यांचे पुत्र वि. द. घाटे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. मोडक्या घरात बाळाला निजवू पाहणाऱ्या एका दरिद्री आईची त्यांची अंगाई पुष्कळांच्या आजीला पाठ असे. ओळखीची अंगाईची चाल आणि तीत भरलेले कवीच्या काळजातले दुःख, हा संयोग मराठीत नवा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना तर 'फुलांमुलांचे कवी' हीच पदवी लोकांनी दिली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना टिळकांचा तो उदार, विसराळू, कोणालाही घरात आसरा देणारा संसार ठाऊक आहे. त्या घराने आसरा दिलेल्यांपैकी एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही उपाधी मिळाली. येथे एक गैरसमज दूर करू. बालकवी म्हणजे बालांचा कवी नव्हे, वयाने बाल असलेला कवी. त्यांच्या निसर्गकविता पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या तोंडी बसल्या हे खरे. पण त्या मुलांसाठी रचलेल्या नव्हत्या. दोहोंतला फरक आम्हांला फार उशिरा कळला. मुलांना आवडेल अशी कविता एक, आणि मुलाच्या जिभेचे, दमाचे आणि खोडकरपणाचे मोजमाप घेऊन बेतलेली कविता दुसरी.

हे मोजमाप प्रथम नीट घेतले ते, आमच्या अल्प मतीप्रमाणे, भास्कर रामचंद्र तांबे यांनी. आणि तांबे हे तर सर्वस्वी आपल्यांतले. जन्म झाशीनजीकच्या मुंगावली येथे १८७३ साली, हयात मध्य भारतातील संस्थानांत निरनिराळ्या नोकऱ्या करण्यात गेली, शेवटी ग्वाल्हेरचे राजकवी, आणि १९४१ मध्ये तेथेच देहावसान. पोरांना घराबाहेर बोलावून घेणारे त्यांचे एक गीत महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेने म्हटले आहे. म्हणताना किती शिक्षकांना ठाऊक असेल की हे बोलावणे मराठी मुलखाबाहेरच्या कवीकडून आलेले आहे? तांब्यांच्या समग्र कवितेचे पुस्तक आम्ही हाती घेतले तेव्हा आम्हांला सर्वांत मोह पडला तो कवितांचा नव्हे, त्यांभोवतीच्या नोंदींचा. कवितेची जाति कोणती, कोणत्या रागात ती म्हणावी, कोणत्या गावी आणि कोणत्या दिवशी लिहिली, याची टिपणे तेथे आढळतात. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला ही पद्धत फार जवळची वाटते. फाइलवर दिनांक व मुक्काम घालण्याची सवय आम्हांलाही आहे. कवितेवर तो घालावा हे तांब्यांकडून शिकलो. शिवाय राग आधी मनात धरून मग शब्द बसविणे, हा हिंदुस्थानी संगीताच्या प्रदेशात वाढलेल्या कवीचा विशेष. बाहेर राहिल्याने मराठी कविता उणी होत नाही, तिच्यात आणखी एक सूर मिसळतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांस माहीत नाही.

आणखी एक नाव बडोद्याचे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांचा जन्म १८९४ साली बडोद्यास झाला. त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ साली निघाला आणि १९३७ मध्ये वाढवून पुन्हा आला. ग्रंथ जाडजूड आहे आणि आमच्यासारख्याला तो पुरता पचला असे म्हणवत नाही. पण त्यात मराठी मात्रावृत्तांची आवर्तनानुसार जी मांडणी आहे तिने आमचे डोळे उघडले. ज्यात ठेका आठ मात्रांनी फिरतो त्या रचनेला ते पद्मावर्तनी म्हणतात. आता कोणतेही मूल दोरीवरच्या उड्या मारताना, झोका घेताना वा टाळ्या पिटताना पाहा. दोन-दोन-दोन-दोन अशा आठांतच ते फिरत असते. घरगुती बडबडगीतांतही पुष्कळदा हाच ठेका. म्हणजे पंडितांनी ज्याला संस्कृतप्रचुर नाव दिले ते अंगणात केव्हापासून चाललेच होते. आम्ही शार्दूलविक्रीडित सोडले ते त्या दिवशी, कायमचे.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात उरकतो. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढले. ते स्वतः बंगाली जाणत आणि बंकिमचंद्रांना त्यांनी मराठीत आणले होते. पुढे गोपीनाथ तळवलकरांसारख्या कविहृदयाच्या संपादकाने ते मासिक सांभाळले. वा. गो. मायदेवांनी 'बालविहार', 'किलबिल' असे संग्रह दिले. ग. ह. पाटलांसारख्या शिक्षक-कवीने खेड्यातले मूल कवितेत आणले. आणि ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, हीही बाहेरगावची गोष्ट. लहान मुलाला स्वतःची बुद्धी, स्वतःची गती आणि स्वतःचा हट्ट असतो आणि त्याचा मान राखायचा असतो, हा विचार त्यांनी गुजराथेतून मराठीत आणला. बालकवितेच्या इतिहासात त्यांचे नाव सहसा घेत नाहीत. आम्ही घेतो, कारण मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याशिवाय त्याची कविता बदलणे शक्य नव्हते.

बंगालमध्ये ही दृष्टी आणखी निराळ्या वाटेने आली. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले आणि त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी त्यात विलक्षण पद्ये लिहिली. 'आबोल ताबोल' हा त्यांचा संग्रह १९२३ च्या सप्टेंबरात, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत बाहेर पडला. त्यात एक कविता आहे 'खिचुडी' नावाची. दोन प्राण्यांची नावे मध्ये मोडून एकमेकांना जोडायची आणि प्राणीही तसाच जोडायचा. गुवाहाटीस असताना शेजारच्या बंगाली कुटुंबातील आजोबांनी आम्हांस ती मोठ्याने वाचून दाखविली होती. अर्थ अर्धाच कळला, पण हसू पूर्ण आले. बालकवितेत अर्थाच्या आधी हसू पोहोचू शकते आणि त्यात अर्थाची काही हानी होत नाही, याची खूण तेथे पटली.

मराठीत ही मौज पूर्ण भरात आली ती विंदा करंदीकरांच्या (१९१८–२०१०) हातून. 'राणीची बाग' १९६१ सालची. त्या पुस्तकात जनावरांना माणसांच्या खोडी आणि हौशी जडलेल्या आहेत. पुढे 'एटू लोकांचा देश' आला, 'परी ग परी' आले, 'अजबखाना' आला. हेच विंदा 'स्वेदगंगे'चे कवी, यांनीच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग मराठीत आणला. यांनाच २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. एवढ्या भारदस्त पुरुषाने मुलांसाठी लिहिताना आवाज खोटा बारीक केला नाही, लाडे लाडे बोलला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांच्या कवितेत मूल बुद्धिमान आहे असे गृहीत धरलेले असते. मंगेश पाडगांवकरांनी शाळकरी मुलाच्या मनातले मागणे त्याच्याच बोलीत मांडले. आणि ग. दि. माडगूळकरांनी 'देवबाप्पा' (१९५३) या बोलपटासाठी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले, आशा भोसले यांनी गायिलेले मोराचे गाणे तर रेडिओवरून घरोघरी गेले. बाहेरगावच्या किती घरांत मुलाच्या तोंडचे पहिले मराठी गाणे हे असेल याची गणती नाही. आमच्या पिढीला शिवाय 'किशोर' मिळाला, बालभारतीने १९७१ च्या दिवाळीत सुरू केलेला. साताऱ्यात वाचनालयाच्या पायरीवर बसून तो आम्ही वाचत असू. पुढे बदलीच्या गावी तो मिळेना, आणि मिळेना म्हणून आम्ही मागवलाही नाही. या वाक्याकडे पुन्हा यावे लागेल.

आता कारागिरीविषयी. महाराष्ट्रात राहून मुलांसाठी लिहिणे आणि हिंदी मुलखात राहून लिहिणे यांत एक मोठा भेद आहे. तेथील मुलाला मराठी येतच असते. कवितेने त्याला रमवायचे. आपल्या मुलाला मराठी अर्धीमुर्धी येते. कवितेने रमवायचे आणि रमवता रमवता जीभ वळवायची. मात्र वळवतो आहोत हे त्याला कळता कामा नये, कळले की संपले.

पहिली अडचण 'ळ' ची. शाळेत, शेजारी, दूरदर्शनवर सर्वत्र हिंदी ऐकणाऱ्या आपल्या मुलांचा 'ळ' विरघळून 'ल' होतो. बाळाचा बाल, केळ्याचे केले. टोकून उपयोग होत नाही. मूल बोलायचेच थांबते. आम्ही असे केले, की ज्या जोड्यांत 'ल' आणि 'ळ' यांनी अर्थ पालटतो त्या गोळा केल्या. गाल आणि गाळ, माल आणि माळ, वेल आणि वेळ. मग त्यांचे हे झाले :

गाल कुठे अन् गाळ कुठे
माल कुठे अन् माळ कुठे
वेल चढे ही भिंतीवर
वेळ पळाली सांग कुठे

कविता म्हणून तिची किंमत शून्य, हे आम्ही जाणतो. पण आठ आणि सहा मात्रांचा ठेका मुलांच्या हातापायांना बसला. एक गट गालाला हात लावी, दुसरा चिखल दाखवी, आणि जो 'ल' म्हणून जाई त्याच्यावर राज्य येई. तीन रविवारांत मुले एकमेकांचा 'ळ' पकडू लागली. मोठ्यांनी पकडला तर अपमान होतो. समवयस्काने पकडला तर खेळ.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. लिहिताना आपण 'घर' लिहितो, त्यात दोन मात्रा मोजतो. बोलताना मूल 'घर्' म्हणते, शेवटचा अकार गिळते. छंदशास्त्र दोन म्हणते, जीभ तसे म्हणत नाही, आणि ठेका लंगडतो. गायल्यास स्वर लांबवून भरून काढता येते, नुसते म्हणताना येत नाही. यावर आमचा तोडगा असा, की असे अकारान्त शब्द शक्यतो चरणाच्या शेवटी टाकावेत. तेथे विरामातच ती मात्रा जिरते. वरच्या पद्यात 'भिंतीवर' तेथे बसला आहे तो त्याचसाठी. मधे येणाऱ्या 'गाल' आणि 'वेल' यांचा शेवटचा अकारही गिळला जातो, पण 'ल' आणि 'ळ' वर जोर द्यायचा असल्याने मुले तेथे आपणहून रेंगाळतात.

तिसरी अडचण नपुंसकलिंगाची, आणि हिने आम्हांला सर्वांत अधिक शिकविले. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. आपली मुले 'माझी पुस्तक' म्हणतात, 'मोठा झाड' म्हणतात, नळ सुरू झाला की 'पाणी आला' असे ओरडतात. लिंगविचार शिकवून येत नाही, कान तयार व्हावा लागतो. म्हणून क्रियापदाचा शेवट यमकात धरायचे ठरविले. यमकाला मूल बदलू शकत नाही, बदलले की ते तुटते. पहिल्या खर्ड्यात आम्ही 'पाणी आले, झाड नाचले' असे ग्रांथिक रूप लिहिले होते. वर्गात एका आठ वर्षांच्या मुलाने हात वर करून विचारले, "किती पाणी आले?" क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. त्याने घरी 'पाहुणे आले' ऐकले होते. 'आले' म्हणजे पुष्कळजण, हे त्याचे व्याकरण बिनचूक होते. त्याला पाण्याचे अनेकवचन दिसत होते. चूक आमची. बोलण्यातले 'आलं' लिहिले असते तर गोंधळच नव्हता. त्याच रात्री मसुदा दुरुस्त केला :

पाणी आलं, झाड नाचलं
छपराखाली पिलू वाचलं

पाणी, झाड, पिलू, तिन्ही नपुंसकलिंगी. त्या मुलाने दुरुस्त मसुदा ऐकून मान डोलावली, जणू एखाद्या वरिष्ठाने फाइलीवर 'मान्य' लिहिले. तेव्हापासून त्याला विचारल्याशिवाय आम्ही काही पक्के करीत नसू. तो आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हे वाचून बहुधा संकोचेल.

नित्यक्रमाविषयी कोणी कोणी विचारतात, म्हणून सांगतो. सकाळी फिरायला जाताना आम्ही काही लिहीत नाही, फक्त पावलांवर एखादी ओळ म्हणून पाहतो. ती पावलांत अडखळली तर सोडून देतो. कार्यालयात कविता करीत नाही. सरकारच्या वेळेत सरकारचे काम हा आमचा जुना हट्ट आहे. जेवणाच्या सुटीत मात्र एका छोट्या वहीत शब्द टिपतो, वाक्ये नव्हे. 'गडगड', 'लगबग', 'टपोरा', 'चुळबूळ' असे कानाला गोड लागणारे. रात्री जेवणानंतर अर्धा तास. ओळ लिहिली की मोठ्याने म्हणायची, एकदा भराभर, एकदा सावकाश. आमच्या गृहिणी स्वयंपाकघर आवरीत असतात, आतून त्यांनी ती ओळ सहज पुढे म्हटली तर ठेवायची, "काय म्हणालात?" असे विचारले तर खोडायची. जोडाक्षरे एका ओळीत एकाहून अधिक नकोत. शेवटी बोध येऊ पाहतो त्याला दारातच थोपवायचे. पन्नाशीच्या माणसाला हे फार कठीण जाते. आणि सारे झाल्यावर वही आठवडाभर मिटून ठेवायची. आठ दिवसांनी दहापैकी सात पद्ये निरुपयोगी दिसतात. उरलेली तीन रविवारी वर्गात नेतो. त्यांतले एखादे मुले परत परत मागतात.

मागच्या एका वाक्याकडे परत यायचे कबूल केले होते. आमचा मुलगा १९९७ सालचा. पाटण्यात आणि गुवाहाटीत वाढला, शाळा इंग्रजी, अंगण हिंदी. घरात आम्ही दोघे मराठी बोलत असू, तो हिंदीत उत्तर देई. आम्हांला त्यात गंमत वाटे, आणि पोर हुशार आहे, पुढे शिकेल, अशी समजूत. आमच्या मातोश्री साताऱ्यास असत. दर रविवारी दूरध्वनी होई. त्या नातवाला काहीबाही सांगत, हुमाण घालीत, ओव्या म्हणून दाखवीत. तो 'हो आजी, हो आजी' म्हणून दूरध्वनी आमच्या हाती देई. पुढे पुढे त्याही दोन वाक्यांत उरकू लागल्या. "पोराला माझं कळत नाही रे," असे त्या एकदाच म्हणाल्या. २००८ साली त्या गेल्या. आम्ही शार्दूलविक्रीडित लिहिले २०११ मध्ये.

गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला होता. बालमेळाव्याच्या तालमीला सहज म्हणून बरोबर आला, मागच्या बाकावर बसला, मुले गाल आणि गाळ करीत होती ते पाहत राहिला. त्याला हसू आले, आणि तोही मनाशी ओठ हालवीत होता असे आम्हांस दिसले. परतताना वाटेत त्याने हिंदीतच विचारले की बाबा, हे तुम्ही आजी असताना का नाही लिहिलेत? आम्ही काही कारणे सांगितली. बदल्या होत्या, मराठी मंडळ जवळ नव्हते, कार्यालयात काम फार होते. सर्व कारणे खरी होती. 'किशोर' तेव्हाही टपालाने मागवता आला असता, हे आम्ही सांगितले नाही. त्याने पुढे काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मेजावरची वही त्याच्या हातात दिसली. देवनागरी तो वाचतो, हिंदीमुळे. 'चुळबूळ' या शब्दाशी तो अडला होता आणि त्याच्या आईला विचारत होता की हा ळ एकदा येतो की दोनदा.

या वर्षीच्या मेळाव्यासाठी मेट्रोवर कविता हवी अशी मुलांची मागणी आहे. आठ मात्रांत दारे उघडणे-मिटणे बसले, जिनाही बसला. पण 'स्थानक' मुलांच्या तोंडी येत नाही, 'स्टेशन' ठेवावे तर त्याला यमक मिळत नाही, आणि तालमीला तीनच रविवार उरले आहेत. कोणा वाचकास सुचल्यास त्यांनी मंडळाच्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी.